एक जूनची जुळी

झोळीची कडी कुर्रकन वाजली आणि दुपारची शांतता मोडली.

मी घास हातात तसाच धरून थांबले. मुक्ताने झोपेतच कूस बदलली, झोळीतून एक इवलासा पाय बाहेर आला, पुन्हा आत गेला. सात महिन्यांची आहे. दुपारी ती झोपली की तेवढा वेळ माझा. त्यात जेवायचं, फायली वाचायच्या, जमलंच तर नुसतं बसायचं. घास तोंडाशी नेते तोच फोन थरथरला.

"वैदेही, ती मासाळांची पोरं जुळी आहेत म्हणाली होतीस ना?" मेडिकल कॉलेजच्या दंतविभागातून नाझिया बोलत होती. डॉक्टर नाझिया काझी, माझी कॉलेजपासूनची मैत्रीण.

"हो. कागदावर तसंच आहे. का गं?"

"मग एक तर माझं यंत्र बिघडलंय, नाहीतर तुझे कागद. तू ये. फोनवर सांगण्यासारखं नाही."

मी मुक्ताला अलगद उचलून कडेच्या कापडात बांधलं. बाहेरच्या खोलीत सासूबाई शेंगा फोडत होत्या.

"लेकराला घेऊन कुठं निघालीस एवढ्या उन्हात?"

"दात बघायला, आई."

"अगं, तिला दातच कुठं आलेत अजून!"

"दुसऱ्यांचे."

"अवघड आहे बाई तुमचं," त्या म्हणाल्या. "आमच्या वेळी दातांत नुसती कीड असायची. आता म्हणे सगळी जन्मकुंडली असते."

मी आमच्या नव्या अंबाजोगाई जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळाची सदस्य आहे. मंडळात तिघं असतात. एक दंडाधिकारी आणि समाजकार्यातले दोघं सदस्य, त्यांतली एक बाई असावीच लागते. ती मी. आमच्याकडे उंच व्यासपीठ नाही. मुलाच्या समोर, त्याच्याच उंचीच्या खुर्चीवर आम्ही बसतो. पोलीस साध्या कपड्यांत येतात. मुलाला कुणी आरोपी म्हणत नाही. कायद्यातला शब्द आहे 'विधिसंघर्षग्रस्त बालक', आणि तो नीट उच्चारेपर्यंत बालक मोठं होतं, असं आमचे दुसरे सदस्य डोईफोडे सर म्हणतात.

नाथा आणि साळू मासाळ ही मेंढपाळाची भावंडं. पठारावरची गायरानं आता सौर प्रकल्पांखाली गेली आहेत. मैलोन् मैल निळ्या काचा आणि भोवती कुंपण. मेंढरं कुंपणाशी आली की रखवालदार ड्रोन सोडतो. ते भोंगा वाजवत कळपाच्या डोक्यावर उतरतं आणि मेंढरं वाट फुटेल तिकडे पळतात. त्या दुपारी एक गाभण मेंढी पळता पळता खडकावर पडली. दोन्ही पोरांच्या हातांत गोफणी होत्या. एक दगड सुटला, ड्रोनला लागला, आणि ते भिरभिरत खाली आलं ते उत्तम गायके या रखवालदाराच्या डोक्यात. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला.

फाटकावरच्या दुसऱ्या माणसाने जबाब दिला: ड्रोन पडलं तशी पोरं नाचली, टाळ्या वाजवल्या. त्याच जबाबात पुढे होतं की मग मुलगा धावत आला, पाणी आणलं, स्वतःचा फेटा सोडून जखमेला बांधला. पोलिसांनी टाळ्या तेवढ्या अधोरेखित केल्या आणि खुनाचं कलम लावलं. तेव्हापासून दोघं निरीक्षणगृहात होती, चौकशी संपेपर्यंत मुलांना ठेवतात तिथं.

दगड कुणाचा, असं पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा दोघं एका सुरात म्हणाली, "आम्ही मारला."

"दगड एक होता रे बाळांनो."

"हो. आम्हीच मारला."

दोघांच्या शाळेच्या दाखल्यांवर जन्मतारीख एकच. एक जून. आमच्या भागात ज्याला म्हणून जन्मतारीख माहीत नाही, तो एक जूनला जन्मलेला असतो. पोर शाळेत आणलं की गुरुजी अंगापिंडाकडे बघून साल ठरवायचे आणि तारीख शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने टाकायचे. अर्ध्या अर्ध्या गावाचा वाढदिवस एका दिवशी. एरवी हा थट्टेचा विषय. पण त्या दाखल्यांप्रमाणे दोघांनीही नुकतंच सोळावं ओलांडलं होतं, आणि सोळा ही आमच्याकडची लक्ष्मणरेषा आहे. सोळाच्या आतल्या मुलाचं प्रकरण काही झालं तरी आमच्याकडेच राहतं, जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृह. सोळाच्या पुढे आणि गुन्हा खुनासारखा असेल, तर आम्ही मुलाची समज तपासायची, आणि ती पुरी वाटली तर त्याला वरच्या न्यायालयात पाठवायचं. तिथं खटला मोठ्या माणसासारखा चालतो. तिथली वर्षं तीनवर थांबत नाहीत.

म्हणून हल्ली जिथं एक जून दिसतो तिथं दात बघतात.

नाझियाच्या खोलीत पडदे ओढलेले होते आणि भिंतीएवढ्या पडद्यावर एक दाढ उजळलेली होती. दाढ म्हणून ओळखूही येईना. झाड आडवं कापल्यावर जशी वलयं दिसतात तशा बारीक, असंख्य रेघा, पण झाडाला वर्षाला एक, इथं दिवसाला एक.

"बस," नाझिया म्हणाली. "तुला पहिल्यापासून सांगते. दाताचं कवच एकदम होत नाही. हिरडीच्या आत पेशी रोज केसाहून पातळ असा एक थर लिंपतात. दिवस संपला की रेघ. आपण जन्मतो ना, तो धक्का एवढा मोठा असतो की एक ठळक रेघ कायमची उमटते. ही बघ, नाथाची. हिच्या अलीकडचं सगळं आईच्या पोटातलं, पलीकडचं या जगातलं."

ती रेघ काळीभोर होती. मी तिच्याकडे बघतच राहिले.

"पहिली मोठी दाढ जन्माच्या सुमाराला घडायला लागते, दोनतीन वर्षांनी तिचं कवच पुरं होतं. तोवर मागच्या दातांचं काम सुरू झालेलं असतं. आजारपण, उपासमार, मार, कशानेही त्या दिवसाची रेघ गडद होते, आणि त्या वेळी घडत असलेल्या सगळ्या दातांत एकदमच होते. त्या खुणा जुळवत एका दातावरून दुसऱ्यावर जायचं. अक्कलदाढेचं मूळ तर या वयात अजून वाढतंच असतं. म्हणजे जन्मापासून परवाच्या दिवसापर्यंत अखंड दोरी. मोजली की वय. पूर्वी याच्यासाठी दात काढून कापावा लागायचा. आता पेनाएवढी कांडी तोंडात फिरवायची, बास."

"मग बिघडलं काय?"

तिने पडद्यावरचा रंग बदलला. रेघांवर एक पिवळसर उजेड पसरला.

"आईच्या दुधातून बेरियम नावाचा एक धातू अंशमात्र येतो. तो मी पिवळा दाखवतेय. बघ, जन्मानंतर लगेच उजेड. नाथा अंगावर पितोय. मग दहा-अकरा महिन्यांना उजेड मंद, मग काळोख. दूध तुटलं. आणि आता पुढं बघ."

काळोखाच्या पलीकडे पुन्हा पिवळा उजेड होता. पहिल्यापेक्षा लख्ख.

"तुटलेलं दूध परत सुरू झालं," नाझिया हळू आवाजात म्हणाली. "मला कळेना. मग मी साळूची दाढ शेजारी लावली."

तिने दुसरं चित्र आणलं, सरकवलं, आणि शेवटच्या खुणेवरून मागे मागे येत दोन्हींच्या तारखा जुळवल्या. साळूची ती ठळक काळी रेघ, जन्माची, बरोबर तिथं आली जिथं नाथाच्या दाढेतला काळोख संपत होता.

ती जन्मली म्हणून त्याला दूध परत मिळालं होतं. त्यांची आई पुन्हा बाळंत झाली, पान्हा आला, आणि सव्वा वर्षाचा नाथा पुन्हा कुशीत शिरला. सोळा वर्षांपूर्वीची ती गोष्ट, कुठल्या तरी माळावर, मेंढरांच्या वाड्याशेजारी घडलेली, कुणी लिहिली नाही, कुणी फोटो काढला नाही. आणि ती दोघांच्या तोंडांत बसली होती. हसताना दिसत होती.

मुक्ता जागी झाली, कुरकुरली. मी तिला पदराखाली घेतलं आणि ती पिऊ लागली. तिच्या जबड्याची हालचाल मला जाणवत होती, आणि एकाएकी दुसरंच काही जाणवलं. आत्ता, या क्षणी, त्या गुलाबी हिरडीच्या आत आजचा थर लिंपला जात होता. आजचं दूध. उन्हातून आणलं तो त्रास. परवा मी तिला रडत ठेवून सुनावणीला गेले होते, तो दिवसही तिथं असेल का? मी तिला नकळत घट्ट धरलं. ती पिता पिता थांबली, माझ्याकडे बघून दात नसलेलं हसली, आणि परत प्यायला लागली.

"इथून पुढं बघ," नाझिया म्हणत होती. "साळूच्या जन्मानंतर दोघांच्या रेघा एकसारख्या. ताप एकाच दिवशी. उपाशी एकाच दिवशी. एकही खूण अशी नाही की याच्यात आहे आणि तिच्यात नाही. जुळ्यांचेसुद्धा इतके जुळत नाहीत गं."

"हे अहवालात लिहिणार?"

"दोन आकडे लिहिणार. घटनेच्या दिवशी तो पावणेसतरा, ती साडेपंधरा. बाकी पुसायचं. कायदाच आहे तसा. नाहीतर उद्या कुणीही कुणाच्या दातांत बघून म्हणेल, तुझ्या आईने तुला उपाशी ठेवलं होतं." तिने पडदा विझवला. "पुसण्याआधी कुणीतरी अजून बघावं असं वाटलं. बास, एवढंच."

येताना मला उमगत गेलं की त्या दोन आकड्यांनी काय केलं होतं. साळू रेषेच्या आत आली होती. नाथा एकटाच बाहेर राहिला होता.

पुढच्या बैठकीला आई आली होती. गयाबाई. वडील मेंढरांमागे गेलेले, कळप सोडून येणार कसे? दंडाधिकारी इनामदार सरांनी आकडे वाचून दाखवले. मुलं एकमेकांकडे बघत राहिली, जणू दुसऱ्या कुणाचं काही वाचलं जात होतं.

"गयाबाई," सर म्हणाले, "ही जुळी नाहीत?"

तिने पदर तोंडाला लावला. "न्हाईत साहेब. नाथा थोरला."

"मग शाळेत तसं का सांगितलं?"

"म्या कुठं सांगितलं? दोघाला एका दिशी घिऊन गेले शाळंत. गुरुजी म्हणले, जुळी हायत का? न्हाई म्हणलं असतं तर एकाला यंदा घेतलं असतं, दुसरीला पुढल्या साली. आम्ही तर आठ म्हैने रानोमाळ. वसतिगृहात एकटं लेकरू राहिलं असतं का? म्हणून हाव म्हणलं. एकत्र राहावीत म्हणून हाव म्हणलं." ती मुलांकडे वळली. "पुढं सांगायचं राहूनच गेलं रं. तुमाला बी ग्वाड वाटायचं. तुमी साऱ्यांना सांगत फिरायचा, आमी जुळी हाय म्हणून."

साळू नाथाकडे बघत होती, आधी त्याच्या चेहऱ्याकडे, मग त्याच्या हातांकडे, जणू हा माणूस नवा होता.

कायद्याने मुलाला त्याचं प्रकरण त्याला कळेल अशा भाषेत समजावून सांगावं लागतं. ते काम माझ्याकडे असतं. मी सांगितलं: सोळा म्हणजे काय, आत काय, बाहेर काय. साळूने एका गोष्टीपुरतं मला थांबवलं.

"म्हणजे मॅडम, माझं काही झालं तरी तीन वर्षंच?"

"जास्तीत जास्त. कमीही होऊ शकतं."

"आणि मला वर पाठवता येत नाही? कुणालाच?"

"नाही."

तिने पाठ सरळ केली. "मग लिहून घ्या. दगड मी मारला."

"ए, गप," नाथा म्हणाला.

"तू गप! मॅडम, ह्याचा नेम कधी लागला नाही जन्मात. झाडावरची बोरं पडत नाहीत ह्याच्याच्याने. मागं टायरवर नेम धरला तर आजीच्या घागरीला लागला. विचारा आईला!"

"वारं होतं तेव्हा."

"वारं! दर वेळेला ह्यालाच वारं लागतं."

गयाबाईला रडता रडता हसू फुटलं. डोईफोडे सरांनीही खाली बघितलं. पण नाथा हसला नाही. तो उभा राहिला, आणि पहिल्यांदाच त्याने 'आम्ही' म्हटलं नाही.

"सर, ती मला वाचवायला खोटं बोलते. तिला आत्ता कळलं ना, तिला शिक्षा कमी होते म्हणून. दगड माझा होता. तिच्या गोफणीची दोरी सकाळीच तुटली होती. मला वर पाठवलं तरी चालेल. पण तिच्या नावावर लावू नका. मेलेलं माणूस आहे ते. ती रात्री झोपायची नाही."

साळूने ओठ दाताखाली धरला होता आणि डोळ्यांतलं पाणी ती पुसतही नव्हती.

मुलं बाहेर गेल्यावर डोईफोडे सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"चांगलं पोरगं आहे," ते म्हणाले. "म्हणूनच मला वाईट वाटतं. कायदा आपल्याला काय विचारतो? मुलाला परिणाम कळत होते का? आत्ता त्याने आपल्या तिघांसमोर दाखवून दिलं. वर गेलो तर काय होईल, बहिणीचं काय होईल, मेलेल्या माणसाचं ओझं काय असतं. इतकी समज मला तिसाव्या वर्षी नव्हती. पुरी समज नाही असं मी कसं लिहू?"

मला वाटलं, हा कसला सापळा आहे. ज्या खरेपणाबद्दल त्याच्या पाठीवरून हात फिरवावा, तोच खरेपणा त्याला मोठ्यांच्या न्यायालयात नेत होता. खोटं बोलला असता, साळूच्या आड लपला असता, तर अजाण ठरून वाचला असता.

"आणि गायकेची धाकटी मुलगी पहिलीत आहे," सर पुढे म्हणाले. "तिच्या बाजूने या खोलीत कोण बोलणार?"

गायकेच्या घरच्यांना बोलवायचं, असं मी फायलीच्या कडेला टिपलं.

"इनामदार सर," मी म्हणाले, "डोईफोडे सर म्हणतात ते खरंच आहे. नाथाला आज सगळं कळतं. पण आपल्याला आजचं विचारलेलं नाही. त्या दुपारचं विचारलंय. फाटकावरच्या माणसाचा जबाब पुन्हा वाचूया? ड्रोन पडलं तशी दोघांनी टाळ्या वाजवल्या. पोलीस म्हणतात, निर्दयपणा. मला वाटतं, त्यांची नजर वरच होती. उडणारं खाली पडलं, एवढंच त्यांना दिसलं. ते कुणाच्या तरी डोक्यावर पडतं, हे त्या टाळीत नाही. मग खाली नजर गेली, आणि त्याने फेटा सोडला. टाळी आणि फेटा यांच्यामध्ये कुठंतरी हा मुलगा मोठा झाला. नंतर निरीक्षणगृहात दोन महिने अजून झाला. ते मोठेपण उलटं मोजून त्याच्यावरच लावायचं का?"

"दाताने वय सांगितलं," इनामदार सर म्हणाले. "समज कुठल्या दिवशी आली, ते नाही सांगितलं."

"नाही. ते अजून आपल्यालाच सांगावं लागतं."

दाराशी सासूबाई मुक्ताला घेऊन उभ्या होत्या. दुपारची वेळ टळून गेली होती. मी फायलींच्या खोलीत जाऊन तिला पाजलं. भिंतीपलीकडून दोघा सरांचे आवाज येत होते, कधी चढे, कधी उतरते. मुक्ता माझ्या बोटाशी खेळत होती. मी परत आले तेव्हा डोईफोडे सर खिडकीशी होते.

"माझं मत वेगळं नोंदवा," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "पण तुमचं बहुमत झालं, याचं मला दुःख नाही, मॅडम."

इनामदार सरांनी आदेश सांगितला. समज तपासली, त्या दिवशीची समज पुरी नव्हती. नाथाला वर पाठवायचं नाही. दोघांची चौकशी इथंच, एकत्र, याच मंडळापुढे होईल. उत्तम गायकेच्या घरच्यांनाही बोलावून त्यांचं ऐकून घेतलं जाईल.

मुलांना मी सांगितलं. साळूने "खरं?" असं तीनदा विचारलं आणि आईच्या गळ्यात पडली. मग तिथूनच नाथाकडे बघत म्हणाली, "आता काय, तुला दादा म्हणायचं का मी?"

"म्हणून तर बघ," तो म्हणाला. "मार खाशील."

ती हसत डोळे पुसत बाहेर गेली. गयाबाई तिच्यामागून. नाथा मात्र खुर्चीतच बसून राहिला. बाहेर गाडी थांबली होती, निरीक्षणगृहाचा माणूस दारात घुटमळत होता. मुक्ता माझ्या खांद्यावर झोपली होती. नाथाने तिच्याकडे बघितलं, तिच्या उघड्या तोंडाकडे.

"मॅडम," तो म्हणाला, "मला आठवतं तिथून साळू आहेच. कुणी विचारलं तर आम्ही सांगायचो, आम्ही एकटं कधी राहिलोच नाही. आईच्या पोटात पण नाही." त्याने बोटांवर महिने मोजले. "पण मी तर सव्वा वर्ष होतो ना. तिच्या आधी."

"हो, नाथा."

"मग ती नव्हती, तेव्हा मला एकटं वाटत होतं का? दातात तसलं काही दिसतं?"